बेहडपाडा, काम पूर्ण

६ जानेवारी, सोमवार

ठाण्याच्या जिल्हा नियोजन ऑफिसातून दरवर्षी एक डायरी मिळते. मी ती घरी आणतो आणि उत्तरा तिच्यात औषधांच्या वेळा, लोणच्याचं प्रमाण, कोणाकोणाचे फोन नंबर लिहून ठेवते. यंदा उत्तरा नाशिकला तिच्या आजारी आईजवळ आहे. जाऊन हा सातवा महिना. डायरी टेबलावर कोरीच पडली होती. आज आमच्या अधिकारी कल्पिता मॅडमनी एक वेगळं काम दिलं म्हणून वाटलं, आपणच लिहून पाहावं.

काम असं. जिल्ह्याच्या नियोजनाला पन्नास वर्षं झाली, त्याची पुस्तिका निघणार आहे. मॅडम म्हणाल्या, "चांगदेवराव, तक्ते बाकीचे करतील. शेवटचं प्रकरण तुम्ही लिहा. 'आतापर्यंतच्या नियोजनातून मिळालेले धडे.' चार पानं पुरे."

मी विचारलं, "खरे धडे लिहायचे का?"

त्या हसल्या. "लिहा की. फार खरे नका लिहू, एवढंच."

मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, पण बाई सरळ आहेत. मी या शाखेत चोवीस वर्षं काढली. मुरबाडकडच्या एका गावातल्या शाळेत शिकलेला माणूस जिल्ह्याचे धडे लिहिणार, याचं मनात थोडं बरंही वाटलं.

१० जानेवारी

चार दिवस जुन्या कागदांच्या खोलीत बसतो आहे. तिथे कोणी येत नाही. शिपाई दुपारी चहा ठेवून जातो, तेवढाच.

पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून कागद आहेत. मध्ये दोन वर्षं पंचवार्षिक नव्हती, 'सरकती योजना' होती, म्हणजे दरवर्षी एक वर्ष पुढे ढकलायचं. त्या काळातल्या एका अधिकाऱ्याची टिपणी सापडली. नाव पुसलं गेलं आहे, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं आहे, "विहिरी मोजल्या. पाणी मोजलेले नाही." त्याखाली वरच्या साहेबांचा शेरा, "पाहिले."

आणखी एक सापडलं. एका वर्षी शिक्षणवाल्यांनी एका गावाला शाळेची खोली दिली, पाणीवाल्यांनी दुसऱ्या गावाला विहीर दिली, बांधकामवाल्यांनी तिसऱ्याला रस्ता दिला. शाळेला रस्ता नाही, विहिरीजवळ वस्ती नाही. तिन्ही खात्यांचं उद्दिष्ट मात्र शंभर टक्के साध्य. एकत्र बसून कोणी गावाचं नाव घेतलंच नाही, प्रत्येकाने आपापल्या खात्याचं घेतलं.

हे मी प्रकरणात लिहिणार. वाचताना वाटत होतं, ही माणसं किती बेफिकीर होती.

१४ जानेवारी, संक्रांत

उत्तराचा फोन. तिळगूळ घ्या वगैरे. मग म्हणाली, "आईला आता बाई मिळाली. दिवसभर राहते. चांगली आहे."

मी म्हटलं, "बरं झालं. तुझी काळजी मिटली."

"हो, मिटली," ती म्हणाली. मग म्हणाली, "ऑफिसात काय चाललंय?"

"काही विशेष नाही."

"बरं," म्हणाली. चार मिनिटांचा फोन. आईची सोय झाली हे फार चांगलं झालं.

१९ जानेवारी, रविवार

पुस्तिकेत पूर्ण झालेल्या कामांचे फोटो हवे आहेत. यादीत पाहिलं तर आमच्या टिटवाळ्यापासून जवळच बेहडपाड्याचा साकव होता, २००२-०३ मधला. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल, माणसं आणि गुरं जाण्यापुरता. म्हटलं, रविवार रिकामाच आहे, स्वतःच जाऊन फोटो काढू.

रिक्षावाल्याने ओढ्याच्या अलीकडे सोडलं. पुढे गाडी जात नाही म्हणाला. ओढा सुकत आलेला, दगडांमधून थोडं पाणी. मी वर चालत गेलो, खाली चालत आलो, हातात मोबाईल. पलीकडे एक बाई भांडी घासत होती. पन्नाशीची असेल.

"काय हरवलंय का दादा?"

"इथे साकव आहे ना, तो कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "साकव ठाण्याला हाय, दादा. कागदावर. बगाचा हाय का?"

दगडांवरून पलीकडे गेलो. तुळसा तिचं नाव. तिने कोरा चहा दिला आणि घरातून प्लास्टिकची पिशवी आणली. आत नऊ पत्रं. तिने एकेक पुढे ठेवलं. मला वाचावं लागलं नाही. "सदर पाड्यासाठी साकवाचे काम सन २००२-०३ मध्ये पूर्ण झालेले असल्याने आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे." हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. सही साहेबांची, पण डाव्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची बारीक आद्याक्षरं असतात. चां. शे. मी, चांगदेव शेलवले.

तुळसा म्हणाली, "नऊ वेला निकाली निगालो आमी. अजून जित्ते हाव."

मग म्हणाली, "पावसाल्यात येऊन बगा. चार महिने माजी पोर मोहन्याला आत्याकडं ऱ्हाते, शालंसाठी. जागृती. दर साली बॅग भरताना माज्यासंगं भांडते. यंदा नववी. म्हनते, आता नाय जाणार, शालाच नको. तुमी कुटले?"

"टिटवाळ्यालाच राहतो," म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"फोटो काडाला आलता ना? काडा. रिकाम्याचा काडा."

काढला.

२० जानेवारी

सकाळी पहिल्यांदा २००३ ची नोंदवही काढली. पान तिसरं, तालुका कल्याण, बेहडपाडा, साकव, पूर्ण. बरोबरची खूण माझी, आद्याक्षरं माझी. तारीख ३१ मार्च.

पान नववं, तालुका जव्हार. तेव्हा जव्हार आपल्याच जिल्ह्यात होतं, २०१४ ला पालघर वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. तिथेही एक बेहडपाडा. साकव, प्रगतीपथावर.

मला तो दिवस आठवला. वर्षअखेर, टेबलावर फोन सारखा वाजतो आहे. बांधकामकडून कोणीतरी म्हणालं, "बेहडपाडा झाला, मांडून टाका." मी वही उघडली, तिसऱ्या पानावर बेहडपाडा दिसला, खूण केली. पुढचं पान उलटलं नाही. जव्हारकडच्या पाड्याला साकव मिळाला आणि आमच्या वहीत तो इथे उभा राहिला.

त्या वर्षी चौदा साकव मंजूर, अकरा पूर्ण. खरोखरच अकरा पूर्ण होते. बेरीज बरोबर होती, म्हणून बावीस वर्षांत कोणाला शंका आली नाही. दरवर्षी नवी यादी जुन्या यादीवरून होते. तपासणी माझ्याकडेच असते आणि मी बेरीजच तपासतो.

२१ जानेवारी

रोज पहाटे अंघोळीनंतर मी देवाचं नाव वहीत एकशे आठ वेळा लिहितो. वडिलांची सवय, मी चालवली. वह्या भरल्या की गावच्या देवळात ठेवतो. एकतीस झाल्या.

आज चाळिसाव्या ओळीला थांबलो. आधीच्या एकोणचाळीस ओळी लिहिल्याचं मला आठवेना. अक्षर नीट होतं, एकही नाव गाळलं नव्हतं. उत्तराने एकदा विचारलं होतं, नाव लिहिताना तुम्ही कसला विचार करता. मी म्हटलं होतं, कसलाच नाही. तेव्हा ते मला मोठं वाटलं होतं.

उरलेल्या अडुसष्ट ओळी हळू लिहिल्या. ऑफिसला उशीर झाला. कोणी विचारलं नाही.

२५ जानेवारी, एकादशी

डोंबिवलीला आनंदरावांकडे गेलो. ते माझे पहिले साहेब. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. २००३ च्या त्या पानाखाली शेवटची सही त्यांची आहे.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसला. "पाय धरायला आला आहेस की गचांडी धरायला, ते आधी सांग."

"तुमची सही होती."

"तू मांडलंस म्हणून मी केली. तू का मांडलंस? फोन आला म्हणून. फोन का आला? वरून विचारणा झाली म्हणून. आता वर कोण होतं ते विचारायला मला स्वर्गात जावं लागेल, आणि तेवढी घाई मला नाही."

वहिनींनी आतून विचारलं, खिचडी चालेल ना, की फक्त फळं.

आनंदराव मग नीट बोलले. "हे बघ, आपल्या धंद्यात खोटं फारसं कोणी बोलत नाही. प्रत्येक जण आधीच्याचं बरोबर धरतो. मीही तेच केलं. तुझ्या त्या प्रकरणात हा धडा घाल आणि मोकळा हो."

"मला चूक लेखी द्यायची आहे."

"का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "चांगदेव, तुला कोणीतरी रागवायला हवं आहे. बायको आली का परत?"

"आईची सोय आत्ताच झाली आहे तिच्या."

"मग चल, मी रागावतो. मूर्ख आहेस. झालं?"

आनंदराव पहिल्यापासून असेच, सगळं थट्टेवारी नेतात. खिचडी चांगली होती.

२८ जानेवारी

मॅडमना ओढ्याचा फोटो दाखवला, वही दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुम्ही सोडून कोणाला माहीत आहे?"

"आनंदरावांना."

"ते बोलणार नाहीत. बसा." मग म्हणाल्या, "नोंद बदलायची तर ती चुकली कशी याची आधी चौकशी. चौकशी संपेपर्यंत त्या पाड्याच्या नावावर नवीन काम धरता येत नाही. अशा दोन चौकशा मी पाहिल्यात. एक सहा वर्षं चालली. दुसरी अजून चालू आहे."

"म्हणजे चूक कबूल केली तर साकव अडतो?"

"आणि नाही केली तरी अडतो, कारण तो झालेला आहे." त्या स्वतःच थोड्या हसल्या. "एक वाट आहे. पाड्यात गेल्या काही वर्षांत घरं वाढली असतील. वेगळ्या नावाने नवा पाडा दाखवा. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. नव्या पाड्याला साकव नाहीच, त्यामुळे मागणी रीतसर."

"हे खोटं होईल मॅडम."

"हो."

खिडकीबाहेर गाड्या लावण्यावरून कोणीतरी भांडत होतं. मॅडम म्हणाल्या, "वीस फेब्रुवारीला यादी समितीपुढे आहे. तीन तारखेपर्यंत प्रस्ताव माझ्या टेबलावर हवा. तुम्हाला कबुलीची टिपणी द्यायची असेल तर ती द्या, मी घेईन, दाबणार नाही. पण दोन्ही एकदम देता येणार नाही."

मी टिपणी घरीच लिहून नेली होती. दीड पान. खिशातून काढली नाही.

३० जानेवारी

दोन दिवस टिपणी वाचतो आहे. चांगली झाली आहे. कुठेही सबब नाही. शेवटी लिहिलं आहे, "सदर चुकीची सर्वस्वी जबाबदारी माझी आहे." हे वाक्य वाचलं की छातीत मोकळं वाटतं. देवासमोर ठेवली होती. कौल लावणारा मी नाही, पण वाटलं, काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही.

पाड्यालाच विचारावं. त्यांचा हक्क आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गेलो. तुळसा होती, तिचे सासरे काळुराम होते, शेजारचा मितेश नावाचा पंचायतीत जाणारा तरुण माणूस होता. जागृती दारात बसून मोबाईल बघत होती.

मी उभ्यानेच सांगितलं. पत्रं मी लिहिली, खूण मी केली.

तुळसा आत गेली, पिशवी आणली, पत्रं जमिनीवर ओतली. "ह्यातली कंची तुमी लिवली?"

मी सहा वेगळी काढली.

"आनि ही तीन?"

"मी रजेवर असताना दुसऱ्याने पाठवली. मजकूर माझाच."

"त्या रविवारी चहा पेलात तवा म्हाईत होता?"

"हो."

तिने पत्रं गोळा केली. पहिल्या दिवशी ती मला दादा म्हणाली होती. आता म्हणाली, "मंग साहेब, आता काय कराचा म्हनताव?"

मी दोन्ही वाटा सांगितल्या. टिपणीही दाखवली. मितेशने ती वाचली आणि म्हणाला, "सर, लिवलाय एक नंबर. पन याचा आम्ही करू काय?"

तुळसा म्हणाली, "हे दिलाव तर पूल?"

"थांबेल."

"किती?"

"सांगता येत नाही. पाच-सहा वर्षंही लागतील."

"तवर ही पोरगी पोराची आई होईल." जागृतीने मोबाईलमधून डोकं वर न काढता "आये" एवढंच म्हटलं. तुळसा माझ्याकडे वळली. "मना एक सांगा. तुमाला बरं वाटावं म्हनून आमी पान्यात ऱ्हावाचा?"

मला वाटलं होतं ती चिडेल, शिव्या देईल. त्याची तयारी करून गेलो होतो. याची नव्हती.

काळुराम भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीचे असतील. म्हणाले, "नाव बदलाचा तर काय ठेवाचा?"

मितेश म्हणाला, "नवापाडा. सिंपल."

"नवापाडे गावोगाव हायेत. पुन्ना दुसऱ्याचा पूल आपल्या नावावं लागंल." यावर सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "धाकटा बेहडपाडा लिवा."

"बाबा, आपला पाडा जुना," तुळसा म्हणाली. "तो जव्हारवाला धाकटा आसंल."

"त्यांना पूल भेटला ना? मंग थोरले तेच." म्हातारा खोकला, मग पुढे म्हणाला, "आदी पूल नव्हता तरी कागदावं होता. आता पूल होईल, तर कागदावं पाडा नाय."

मीही हसलो. हसताना लक्षात आलं की बाकीचे थांबले आहेत.

निघताना मी पत्रं मागितली. कशाला, ते मलाही ठाऊक नाही. तुळसाने पिशवीला गाठ मारली. "ही माज्याकडंच ऱ्हातील. पूल झाला का चुलीत घालीन. तवर नाय."

३ फेब्रुवारी

प्रस्ताव दिला. "धाकटा बेहडपाडा ही स्वतंत्र वस्ती असून तेथे अद्याप साकव नाही." पंचायतीचा ठराव मितेशने रात्रीच करून घेऊन सकाळी पाठवला होता.

२००३ मध्ये मी न बघता लिहिलं होतं. आज बघून लिहिलं.

टिपणी फाडली नाही. नामजपाच्या चालू वहीत ठेवली होती, मग तिथून काढली. ती जागा बरोबर वाटेना. सध्या कपाटात कपड्यांखाली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

उत्तराचा फोन आला. "ऑफिसात काय चाललंय" म्हणून तिने नेहमीसारखं विचारलं, आणि मी सांगायला लागलो. पहिल्यापासून. वही, फोटो, तुळसाचं हसणं, टिपणी, म्हातारा काय म्हणाला ते सगळं. बोलताना मला घाम आला.

ती मध्ये एकदाच बोलली. "तिने तुम्हाला चहा दिला, आणि तुम्ही पत्रं तुमची आहेत हे सांगितलं नाहीत?"

"नाही."

"हं."

शेवटी म्हणाली, "ती पत्रं तुम्ही लिहीत होतात ना, त्या वर्षांत मी रोज विचारायचे, आज काय झालं. आठवतंय? तुम्ही म्हणायचात, काही विशेष नाही."

"काही विशेष नव्हतंच तेव्हा."

त्यावर ती हसली की काय, नीट कळलं नाही. आवाज वेगळा आला. बावन्न मिनिटं झाली होती. एवढं ऐकून तिला कंटाळा आला असणार, पण फोन तिने ठेवला नाही, शेवटी मीच ठेवला. तिला आईचं करायचं असेल म्हणून.

२० फेब्रुवारी

यादी मंजूर. एकशे बत्तीस कामं होती. धाकटा बेहडपाडा सत्तेचाळिसावा. वाचणाऱ्याने 'धाकटा' म्हणताना किंचित अडखळल्यासारखं केलं आणि पुढे गेला. कोणी मान वर केली नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीने खूण करणार होतो. केली नाही मग, पेन्सिल खाली ठेवली.

संध्याकाळी तुळसाला फोन केला. "आलं का नाव?" तिने विचारलं. "आलं," म्हटलं. "मंग ठीक," म्हणाली. मागे टीव्ही चालू होता.

१२ मार्च

धड्यांचं प्रकरण सोळा पानं झालं होतं. मॅडमनी दीड पान ठेवलं. विहिरी आणि पाणी गेलं. तीन खाती आणि तीन गावं एका वाक्यात बसवली, "विभागांमध्ये अधिक समन्वयाची आवश्यकता आहे." मला वाईट वाटलं नाही. त्या सोळा पानांत मी सगळ्यांच्या चुका नीट लिहिल्या होत्या, नाव-गाव-सालासकट. बेहडपाडा त्यात नव्हता.

एक वाक्य मी शेवटी घातलं होतं. "पूर्ण म्हणून नोंदलेली कामे नोंद करणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावीत." मला वाटलं हेही जाईल. मॅडमनी ते ठेवलं, फक्त 'स्वतः' शब्दाखाली रेघ मारून विचारलं, "एवढी माणसं आहेत का आपल्याकडे?"

"नाहीत."

"राहू द्या तरी."

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाचा पाला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दिला. तिला तांब्या नीट पालथा बसवता येतो, म्हणजे उत्तराला. माझा कलला होता.

श्रीखंड आणलं, अर्धं उरलं.

२० एप्रिल, रविवार

बुधवारी पाड्यावर मोजणी आहे. माझं तिथे काम नाही, बांधकामचा माणूस करेल. तरी रजा टाकली.

उत्तराला सांगितलं. ती म्हणाली, "उन्हात उभं राहावं लागेल ना. तिथे सावली आहे का कुठे?"

"ओढ्याच्या काठावर एक झाड आहे. का?"

"सहज. नाशिकहून सकाळच्या गाडीने निघालं तर कल्याणला कितीला पोचतं हो?"

तिच्या भाचीला की कोणाला यायचं असेल. मी वेळ सांगितली. "बरं," म्हणाली आणि वाट बघितल्यासारखी थांबली. मी म्हटलं, "उन्हाचं पाणी जास्त पीत जा." मग ठेवला.

२३ एप्रिल, बुधवार

नऊलाच पोचलो. बांधकामचा साकेत नावाचा पोरसवदा इंजिनीअर आला होता, डोक्याला रुमाल. पाड्यातली पंधरा-वीस माणसं काठावर होती. काळुरामांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. तुळसाने नारळ आणला होता, ती म्हणाली, साहेब तुमी फोडा. मी म्हटलं, नको, बाबांना फोडू द्या. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

साकेतने पाड्याच्या बाजूला खुंटी ठोकली. त्याच्याबरोबरचा माणूस आला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, बिझी नाही ना? हा फिता घेऊन पलीकडे जा. त्या चुन्याच्या खुणेवर धरा आणि आकडा सांगा. बस."

मी फिता सोडत ओढा उतरलो. दगड तापले होते. पलीकडे चढून खुणेवर फिता धरला. मध्ये तो खाली लोंबत होता.

"किती?"

"तेरा चाळीस."

"नक्की ना काका? मी डायरेक्ट लिहितोय. नंतर चेंज नाही होत."

मी म्हटलं, "थांबा." त्याला फिता ताणायला सांगितलं. गुडघे टेकून बसलो, चष्मा वर केला आणि काळ्या रेघा एकेक करून मोजल्या. घाम डोळ्यात जात होता म्हणून पुन्हा मोजल्या. साकेत तिकडून काहीतरी म्हणाला, माणसं हसली. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला दिसत नाही.

"तेरा पस्तीस," मी म्हटलं.

"फायनल?"

"हो. पाहिलं."

त्याने लिहिलं. पलीकडे नारळ फुटला. जागृती ताटलीतून खोबरं वाटत होती. म्हातारा खुर्चीतून उठून खुंटीला हात लावून बघत होता. फिता कोणीतरी तिकडून सोडला आणि तो दगडांवरून सरसरत माझ्याकडे आला, मी गुंडाळला.

माझ्या मागे रस्ता होता, तिथे मला घेऊन आलेली रिक्षा उभी होती. तुळसाने हात वर करून हाक मारली, "साहेब, इकडं या, खोबरं घ्या."

ओढ्यात टिपूस पाणी नव्हतं. तेरा मीटर पस्तीस. पलीकडे जायला मला बराच वेळ लागला.